आमची वाटचाल: बंपरपासून बरगडीपर्यंत

मी मूळचा गाड्यांचा माणूस. पुण्यात आठ वर्षं बंपर आपटले, तेही फक्त संगणकावर. वस्तूचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला कडकपणा नेमून द्यायचा, जोर लावायचा आणि काय वाकतं ते बघायचं. भाचीच्या पाठीला बाक निघाला (एक्स-रेवर २८ अंश) तेव्हा तिच्या ब्रेससाठी (बाक वाढू नये म्हणून धडावर घालायचं प्लास्टिकचं कडक कवच) माप घ्यायला अंगावर ओलं प्लास्टर गुंडाळताना ती रडली. असे ब्रेस संगणकावर बेतायचे म्हणून नोकरी सोडून विक्रोळीत गाळा घेतला तो त्यानंतर. घरच्यांनी वेड्यात काढलं; हिशेब पाहता ते चूक नव्हते.

पाठीच्या कण्याचं पहिलं मॉडेल आम्ही सीटी स्कॅनवरून केलं. देखणं झालं होतं. परळच्या एका सर्जननी ते पाहून एवढंच विचारलं, "ही मुलगी उभी कधी राहणार?" सीटी झोपवून काढतात, अंगाचा भार उतरतो आणि बाक कमी दिसतो. शिवाय वाढत्या मुलीला इतकं रेडिएशन कशाला? आता उभ्याने काढलेल्या समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेवरून मणके उभे करतो.

खरी मेख वाढीत आहे. मणक्याच्या वाढीच्या चकतीवर दाब जास्त असला की वाढ मंदावते, कमी असला की वेग घेते. बाकाच्या आतल्या बाजूला दाब जास्त, म्हणून मणका पाचरीसारखा होतो, त्याने बाक आणखी वाढतो, आणि हेच चक्र चालू राहतं. बंपर वाढत नाही, त्यामुळे हे गणित आम्हाला नव्याने शिकावं लागलं. एका ठरावीक मुलीची दोन मणक्यांमधली चकती किती मऊ आहे हे जिवंतपणी मोजताही येत नाही. ती कडेला वाकते तेव्हाचा एक्स-रे घ्यायचा आणि मॉडेल तितकंच वाकेपर्यंत आकडे हलवत राहायचे. म्हणून आमच्या अहवालात एकच अंश कधी नसतो, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असतं. काही डॉक्टरांना ते आवडत नाही.

सुरुवातीला जास्तीत जास्त अंश सरळ करणारा ब्रेस आम्ही 'उत्तम' मानायचो. मग टिटवाळ्याहून येणाऱ्या एका मुलीच्या ब्रेसमधल्या तापमानाच्या सेन्सरने आमचं पितळ उघडं पाडलं: ब्रेस अंगावर दिवसाला जेमतेम पाच तास! मे महिना, लोकलची गर्दी, अंगाला चिकटलेलं प्लास्टिक. तिला बोल लावायला तोंडच नव्हतं. अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या चाचणीत रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला होता. तेव्हापासून चार अंश कमी सुटले तरी चालतील, पण दाबाची गादी बरगडीला काचता कामा नये, असं ठरवलं. जिथे जोर लागत नाही तिथलं प्लास्टिक सरळ कापून टाकतो.

आज आम्ही सहा जण आहोत. गाळ्याचं भाडं अजून गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामातूनच निघतं, हे लपवत नाही. आणि प्रत्येक ब्रेस बाहेर पडण्याआधी आमचे काका, ज्यांनी आयुष्यभर प्लास्टरचे साचे काढले, आतल्या कडेवरून अंगठा फिरवतात. "इथं टोचणार," म्हणाले की कड घासायची, आणि ती जागा मॉडेलमध्ये नोंदवायची.