नव्या गाडीचं पिकअप आणि यवतेश्वरचा घाट

दसऱ्याला नवी मोटारसायकल घेतली. २५० सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, सहा गिअर. त्याआधी तेरा वर्षं १५० सीसीची कार्बोरेटरवाली गाडी वापरली होती. त्यामुळे नव्या गाडीवर यवतेश्वरचा घाट सहज चढेल, असं मी धरूनच चाललो होतो. झालं उलटंच.

साताऱ्यातून कासकडे निघालं की शहर संपता संपताच यवतेश्वरची चढण लागते. बायको मागे बसलेली, पुढे एसटी. वळणावर एसटीचा वेग पडला, मी दुसऱ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला. एसटी पुढे सरकल्यावर परत पिळला, तर आधी काहीच नाही. मग चेनचा खाडकन आवाज, गाडीला हिसका आणि इंजिन बंद. भर वळणात, चढावर, डबलसीट. दोन्ही पाय टेकले म्हणून गाडी पडली नाही. बायकोने माझा खांदा आवळून धरला होता. "अहो, जुनी गाडी असं कधीच करत नव्हती," एवढंच ती म्हणाली. ते खरंच होतं.

सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर उत्तर मिळालं, "रनिंग इन चालू आहे साहेब, नवं इंजिन अजून रुळतंय. पहिली सर्व्हिस झाली की मोकळी होईल." थांबलो. हजार किलोमीटर झाले, सर्व्हिस झाली, ऑईल बदललं. खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, गाडी तशीच गचके देत होती. पाच हजारांच्या वर मात्र अशी पळायची की तक्रार करायला जागा नाही.

मग माहितीपुस्तिका उघडून बसलो. जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवणारा जोर, ७,५०० आरपीएमला. माझ्या जुन्या गाडीचा टॉर्क त्याच्या कितीतरी आधी यायचा. नव्या गाडीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) आखूड आहे, म्हणजे इंजिन मुळातच वर फिरण्यासाठी बांधलेलं. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर पेट्रोल-हवेच्या मिश्रणावर सतत पहारा असतो. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवत राहतो आणि साध्या चालीत ईसीयू मिश्रण ठरलेल्या प्रमाणाजवळ ठेवतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल तोडतो, उघडला की पुन्हा सुरू करतो. तो सांधा हाताला जाणवतोच.

हे कळलं तरी नवी गाडी भर वळणात का बंद पडावी, हे काही सुटलं नाही.

मित्रांनी सायलेन्सर बदलायला सांगितलं, कुणी हायफ्लो एअर फिल्टर सुचवला. दोन्ही नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. मोकळ्या सायलेन्सरने जो फायदा होतो तो बहुतेक वरच्या आरपीएमला, मला हवा होता खाली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर कायद्यातही बसत नाही आणि मनातही. माझ्या गल्लीत शाळा आहे.

शेवटी जुन्या गाडीच्या मिस्त्रींकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी गाडी सुरूसुद्धा केली नाही. बोटांच्या चिमटीत ॲक्सिलरेटरची मूठ धरून मागेपुढे हलवली आणि म्हणाले, "केबल बघ किती ढिली हाय. तू पिळतोयस, पण इंजनाला कळतंय कुठं?"

तिथेच मोजलं. मुठीच्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर कागदी टेप लावली, पेन्सिलने समोरासमोर रेघा मारल्या. मूठ हळूहळू फिरवत जिथे पहिला ताण लागला तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये ७ मिलिमीटर. पुस्तिकेत २ ते ३ लिहिलंय. म्हणजे वळणातून बाहेर पडताना माझा हात आधी ती पोकळी भरत होता. काही होत नाही म्हणून मी आणखी पिळायचो, आणि मग सगळं एकदम यायचं.

केबलवरचा लॉक नट सैल करून ॲडजस्टर फिरवला, २ मिलिमीटरवर आणला, नट परत आवळला. त्यानंतर अण्णांनी जे केलं ते कुणीही विसरू नये. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण टोकाला, मग उजवीकडे टोकाला नेलं आणि आरपीएम वाढतो का ते पाहिलं. केबल जास्त ताणली गेली असेल तर हँडल वळवताच गाडी आपोआप रेस घेते. घाटात तसं झालं तर जिवावर बेतेल.

मग चेन. गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवत चार ठिकाणी तपासली. नवी चेन सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये बसते, ढिली होते. पुस्तिकेप्रमाणे खालच्या बाजूला चेनची वरखाली हालचाल २५ ते ३५ मिलिमीटर हवी. माझी सगळ्यात ताठ जागीसुद्धा ५० निघाली. घाटातला तो खाडकन आवाज हाच. केबलची पोकळी, तिच्यावर चेनची पोकळी, दोन्ही एकामागोमाग भरल्या की बसणारा हिसका. पहिल्या सर्व्हिसच्या कागदावर 'चेन ॲडजस्टमेंट' पुढे बरोबरची खूण होती, याचा मला आजही राग आहे. नव्या गाडीचा मालक विश्वासाने कागद घेऊन जातो.

चेन ३० वर आणली, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून ॲक्सल आवळला. काम तासाभराचं, पण गाडी निम्म्याहून जास्त सुधारली. ॲक्सिलरेटर आणि चाक यांच्यात आता सरळ बोलणं होत होतं. तरीही तिसऱ्या गिअरमध्ये, डबलसीट, चढावर गाडी जड वाटायची. तिथे गिअरिंगचाच प्रश्न होता.

चेन ज्या दातेरी चाकांवर फिरते त्या स्प्रॉकेटना मागे ४५ दात, पुढे १५, म्हणजे बरोबर ३ चं गुणोत्तर. पुढचं स्प्रॉकेट १४ चं टाकलं की ते ३.२१ होतं आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे ७ टक्के जास्त जोर मिळतो. तेवढंच मागून साधायचं तर जवळजवळ तीन दात वाढवावे लागतात. वॉरंटीचं आधी विचारून घेतलं, मगच १४ चं बसवलं. एक दात कमी झाल्यावर चेन थोडी मोकळी पडते, म्हणून मागचं चाक साधारण ४ मिलिमीटर मागे घ्यावं लागलं. १३ चं टाकू का, असंही विचारलं. अण्णांनी सरळ नकार दिला. स्प्रॉकेट जितकं लहान तितकी चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, रबरी पट्टीला घासते.

किंमतही मोजावी लागते. सहाव्या गिअरमध्ये ताशी ८० ला जिथे ५,६०० आरपीएम होते तिथे आता ६,००० आहेत. पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट छान वाटतो, पण त्यापुढच्या सरळ रस्त्यावर हात आपोआप सातवा गिअर शोधतो. ॲव्हरेज लिटरला ३३ वरून ३१ वर आलं. माझं स्पीडोमीटर चाकावरच्या सेन्सरवर चालतं म्हणून वेग बरोबर दिसतो. ज्यांच्या गाडीत ते गिअरबॉक्सवरून चालतं त्यांचा आकडा जास्त दाखवेल. रोज हायवेवर असतो तर मी १५ चंच ठेवलं असतं.

सवयही बदलली. वळणात आता ॲक्सिलरेटर पूर्ण सोडत नाही, केसभर उघडा ठेवतो. पेट्रोल तुटत नाही, चेन ताणलेली राहते. अडीच हजार आरपीएमच्या खाली मात्र हे इंजिन अजूनही ओढत नाही. तिथे गिअर उतरवायचा.

मागच्या रविवारी पुन्हा कासला गेलो. त्याच वळणावर पुन्हा पुढे एसटी. ती थांबल्यासारखी झाली, मग सरकली. मी दुसऱ्या गिअरमध्येच हलकेच मूठ फिरवली आणि गाडीने उचल घेतली. बायको मागे फोनवर आईशी बोलत होती. तिचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.