तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना गाण्याचा आणि पुस्तकांचा नाद कसा लागला?

लेकीचं गाणं झालं की कुणी ना कुणी आईवडील मला बाजूला घेतात. धाकटा तिथेच कुठेतरी खुर्चीवर पाय घेऊन पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो, त्यामुळे विचारणाऱ्यांना आणखी जोर चढतो. ‘आमची पोरं घटकाभर एका जागी बसत नाहीत. तुम्ही काय केलंत? कुठल्या वयात काय वाचायला दिलंत, काय ऐकवलंत? यादी द्या ना.’ उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तर नव्हे, म्हणून लिहितो.

यादी येईलच ओघात. पण आधी एक सांगतो, की घरात जे आलं ते मुलांसाठी म्हणून आलं नाही. तंबोरा मला हवा होता. पुस्तकं बायकोला आणि मला हवी होती. मुलांना मात्र आम्ही तिथून कधी उठवलं नाही. ‘तुला नाही कळायचं, जा आत’ हे आमच्याकडे कुणी कुणाला म्हटलं नाही. मला विचाराल तर सगळं त्यातून आलं.

आम्ही मिरजेचे. दर्ग्याच्या आसपास तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. सुकलेले भोपळे एकावर एक रचलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि आत कुणीतरी मान वाकवून तार लावत बसलेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाहेरच्यांना ती बातमी वाटली. आमच्यासाठी ते शाळेच्या वाटेवरचं रोजचं दृश्य होतं. अशाच एका दुकानातून मी लग्नानंतर तंबोरा घेतला. गाण्याची तालीम तरुणपणी काही वर्षं मिळाली होती, नोकरी लागल्यावर ती सुटली. पण पहाटे षड्ज, म्हणजे ‘सा’, लावल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, तो आजही वाटत नाही.

तंबोरा लावायला वेळ लागतो, आणि तो वेळच मुलांच्या वाट्याला सगळ्यात जास्त आला. चार तारा : एक पंचमाची म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे ‘सा’च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची. खुंटी पिळून तार साधारण जागेवर आणायची, मग खालचा मणी सरकवून उरलेला फरक काढायचा. त्यानंतर जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो अगदी केसभर पुढेमागे करत राहायचं. आवाज बोदा येतो, बोदाच येतो, आणि एका जागी तार अचानक उघडते. त्या जागेच्या जरा पुढे गेलात की पुन्हा बंद.

चारही तारा अशा जुळल्या की खर्जाच्या तारेतून एक स्वर ऐकू यायला लागतो जो कुणी लावलेला नसतो. गंधार, म्हणजे ‘ग’. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. लेक चार-पाच वर्षांची असताना भोपळ्याला कान लावून बसायची आणि ‘आला!’ म्हणून ओरडायची. मला ऐकू यायच्या आधी तिला यायचा. तिला गाणं शिकवायला हवं हे मला तेव्हा कळलं. धाकटाही तसाच कान लावून बसायचा, पण त्याचा प्रश्न वेगळा : ‘कुणी वाजवला नाही तर येतो कुठून?’ मग कागदावर काढून दाखवलं. तार छेडली की मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनंही त्याच तारेत चालू असतात. त्यातलं पाचपटीचं जे आहे तो गंधार, आणि जवारी ती वरची कंपनं उजळवते. त्याचं समाधान झालं. तो गायला कधीच बसला नाही. पण आजही तंबोरा कुठे उतरलाय हे घरात पहिल्यांदा त्याला समजतं.

दुसरं म्हणजे उरूस. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे, आणि दर वर्षी उरसात त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात गाणं होतं. मोठमोठे लोक तिथे हजेरी लावून जातात. आम्ही मुलांना ती तान्ही असल्यापासून नेत आलो. ती मांडीवर झोपायची, मध्येच उठायची, कुणाच्या तरी डब्यातला लाडू खाऊन परत झोपायची. पहाटेला कुणी भैरव लावला की लेक आपसूक जागी व्हायची. मुलाला गाण्यात नुसतं झोपू देणं हासुद्धा ऐकण्याचाच भाग आहे असं मी मानतो. ‘नीट ऐक, बघ किती छान’ असं शेजारी बसून बजावत राहिलं की पोरगं गाण्याऐवजी आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

तिथे बसून सांगितलेली एक गोष्ट दोघांनाही पाठ आहे, भीमसेन जोशींची. गदगला लहान असताना अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी त्यांनी तबकडीवर ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला घर सोडलं. ग्वाल्हेर झालं, पार जालंधरपर्यंत जाऊन झालं, आणि शेवटी गुरू मिळाले ते गदगपासून फार लांब नसलेल्या कुंदगोळात : सवाई गंधर्व, जे त्याच खाँसाहेबांचे शिष्य. पण माझा जीव त्या गोष्टीच्या आधीच्या भागात अडकतो. लहानगा भीमसेन भजनाच्या किंवा बँडच्या मागे चालत निघायचा आणि दमला की असेल तिथे झोपून जायचा. वडील शिक्षक. शोधून शोधून थकले तेव्हा त्यांनी मुलाच्या सदऱ्यावर लिहून टाकलं, ‘जोशी मास्तरांचा मुलगा’, म्हणजे सापडेल तो घरी आणून सोडेल. मुलाला कोंडून घालणं सोपं होतं. त्या मास्तरांनी तसं केलं नाही. बाप म्हणून मला कुणासारखं वागावंसं वाटलं असेल तर त्या सदऱ्यावर लिहिणाऱ्या माणसासारखं.

आता पुस्तकं.

आमच्याकडे पुस्तक मोठ्यानं वाचतात. ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची पद्धत. आई धान्य निवडायला बसली की ते समोर बसून वाचायचे, कारण तिचे हात मोकळे नसत. आम्ही भावंडं आसपास असायचो, आमच्यासाठी कुणी वाचत नव्हतं. मी आणि बायकोनं तेच चालू ठेवलं, जेवणं झाल्यावर, भांडी आवरता आवरता. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी कामं करायची. मुलं दोन मिनिटांसाठी पाणी प्यायला यायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची.

लहानपणी त्यांनी आपापलं वाचलं त्यात फास्टर फेणे अर्थातच होता. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा सायकलवाला पोरगा अजूनही मुलांना पळवतो, त्याला आमच्या शिफारशीची गरज नाही. मोठ्यानं वाचण्यात मात्र आमच्या घरात पहिला मान ‘स्मृतिचित्रे’चा. हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. बाईंचं शिक्षण बेताचं, आणि त्यामुळेच की काय, पान उघडलं की बाई समोर बसून बोलतायत असं वाटतं. तिथे माझी बायको वाचते, मी नाही. सोवळ्यापायी बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवायला लावणारे लक्ष्मीबाईंचे वडील आले की दोन्ही मुलं गडाबडा लोळायची. पुढे १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तो भाग आला तेव्हा घरात कुणी हललं नाही. लेक तेव्हा बरीच लहान होती. ‘मग त्या परत भेटल्या का?’ एवढं तिनं विचारलं. बायको म्हणाली, ‘उद्या कळेल.’ दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या लेकीनं स्वतःच पुस्तक काढलं. अक्षरं लावत लावत पुढची पानं वाचली. तिचं मोठ्यांच्या पुस्तकातलं पहिलं वाचन ते.

धाकट्याचं पुस्तक ‘बनगरवाडी’. त्याला एक कारण घडलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर. आख्खं गाव ती गाडी बघायला जात होतं, मीही पोराला घेऊन गेलो. घरी येताना त्यानं विचारलं, ‘पाणी संपलं की गावातली माणसं काय करतात?’ मला उत्तर देता येईना. त्या रात्री ‘बनगरवाडी’ काढली. मेंढरांवर जगणारी वाडी, शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर, म्हातारा कारभारी, मास्तरांच्या पुढाकारानं उभी राहिलेली कुस्तीची तालीम. आणि मग पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून निघून जातात. व्यंकटेश माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत. अकरा वर्षांच्या पोराला सगळं कळलं असेल असं नाही. पण वाडी रिकामी झाली त्या पानावर त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, ‘तालमीचं काय झालं मग?’ इतकी मेहनत करून बांधलेली तालीम ओस पडली, हे त्याला सोसत नव्हतं. पुस्तक कसं वाचायचं ते त्या दिवशी मी त्याच्याकडून शिकलो.

‘बनगरवाडी’ घडते तो माणदेश आमच्याच जिल्ह्यात, आटपाडीकडे. व्यंकटेश आणि गदिमा हे माडगूळ गावचे दोघे भाऊ. ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, आणि त्याच वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून थोरल्या भावाचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गाणं अशी छप्पन्न गाणी. माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची. वाड्यात एकच रेडिओ, त्यापुढे बायका उदबत्ती लावायच्या, असं ती सांगते. तिला गीतं ओळीनं पाठ आहेत. नातवंडांना झोपवताना अंगाईऐवजी हेच. लेकीच्या कानात भूप आधी बसला तो पहिल्या गीतामुळे, रागाचं नाव तिला खूप नंतर कळलं. एका घरातला एक भाऊ राजवाड्याची, वनवासाची गाणी लिहितोय आणि दुसरा त्याच सुमारास धनगरांच्या उजाड वाडीची गोष्ट, याचं मला आजवर अप्रूप वाटत आलंय. मुलांना मी दोन्ही एकाच उन्हाळ्यात दिलं. लेक एकाकडे गेली, धाकटा दुसरीकडे, असं काही झालं नाही. दोघांनी दोन्हींतून आपापलं उचललं.

‘दोन मुलं सारखी कशी नाहीत?’ असंही काहीजण विचारतात. नसणारच. धाकटा ख्याल तासभर ऐकतो तो ताईसाठी. त्याला स्वतःला पोवाडा आवडतो, हिंदी रॅपही आवडतं, आणि शब्द नीट ऐकू आले नाहीत तर कुठलंच गाणं आवडत नाही. तो मला ऐकवतो, मी ऐकतो. अलीकडे पुस्तकंही तोच आणून देतो. त्यातली काही मी वाचतो, काही अर्ध्यात सोडतो आणि का सोडलं ते त्याला सांगतो. वादावादी होते. अण्णांशी माझी अशी कधी झाली नाही. त्यांच्यासमोर मी नुसता ऐकत असे. हा बदल मला फार आवडतो.

मोबाइलचं विचाराल. आमच्याकडेही आहेत आणि मुलं बघतात. मी त्यावर कधी भांडण केलं नाही, फक्त वाचनाच्या वेळी माझा आणि बायकोचा फोन आतल्या खोलीत असतो. मुलांच्या फोनबद्दल काही बोलावं लागलं नाही.

तेव्हा यादीच हवी तर तुमच्या घरात तुम्हाला स्वतःला जे आवडतं तिथून सुरू करा, मग ते नाट्यगीत असो, तुकोबांची गाथा असो की रहस्यकथा. मोठ्यानं वाचा, मोठ्यानं गा, आणि पोरं मध्ये लुडबुडली तर लुडबुडू द्या. आणि यंदाच्या उरसाला मिरजेला या. तिकीट नसतं. मुलांना झोपायला एक सतरंजी आणि पहाटेच्या गारव्यासाठी शाल बरोबर ठेवा. आम्ही तिथेच असतो. लेक पुढे बसलेली असेल, धाकटा मागे कुठेतरी. आईसाठी आम्ही खुर्ची आणतो, तिच्या शेजारी जागा असते.