साताऱ्यात राहून अ‍ॅक्सेल: स्केट्स काढून मारायच्या उड्यांबद्दल

जूनमध्ये पावसाने एकदा धरलं की आमचं उघड्यावरचं स्केटिंग संपलं. फरशी ओली, चाकं सटकतात, आणि पालकांचे मेसेज सुरू होतात की ताई आता क्लास दिवाळीनंतरच का. मी म्हणते दिवाळीनंतर कशाला, हॉलमध्ये या, साधे बूट घालून या, उड्यांचं खरं काम आत्ताच करायचंय. माझं पक्कं मत आहे की उडी सुधारते ती स्केट्स काढल्यावरच. आम्ही चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग करतो पण उड्या त्याच, बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्याच, आणि तिकडचे मोठमोठे स्केटरसुद्धा स्पर्धेच्या आधी कॉरिडॉरमध्ये साध्या बुटांवर उड्या मारत असतात, कॅमेरा मागे गेला की दिसतात बघा. ऑफ-आइस म्हणतात त्याला. आपल्याला तर ते जास्तच लागू आहे कारण बर्फ जवळपास कुठे नाहीच, मोठा रिंक म्हणजे डेहराडूनचा, २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेला. इथून कुणी एवढा खर्च करून तिकडे गेलंच तर बर्फावर मिळणारे मोजके तास हात कुठे ठेवायचे हे शिकण्यात जाता कामा नयेत, ते इथे साताऱ्यात फुकटात शिकता येतं.

आता कसं ते सांगते. उड्या सहा आहेत, टो लूप, सॅलकॉव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सेल. पहिल्या पाचांमध्ये आपण मागे जाता जाता उडतो, अ‍ॅक्सेल एकटा पुढे तोंड करून, त्यामुळे त्यात अर्धी गिरकी जास्त, म्हणजे सिंगल अ‍ॅक्सेल दीड गिरक्यांचा. पण हे सगळे फरक जमीन सोडेपर्यंतच. एकदा हवेत गेलं की सहाही उड्यांची पोझिशन एकच. डावीकडे फिरणाऱ्याचा उजवा पाय सरळ, डावा त्याच्यावरून क्रॉस, हात छातीशी, वजन उजव्या बाजूवर, आणि उतरायचं उजव्याच पायावर, पाठीच्या दिशेने. हा हवेतला भाग जमिनीवर जवळजवळ पूर्ण शिकता येतो आणि तो एकदा अंगात भिनला की सहा उड्यांना कामी येतो, म्हणून मी त्याच्यामागे एवढी लागते.

पालकांना वाटतं उडी म्हणजे उंची, मग ते पोरींना पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळवतात. चढा, छानच आहे, दम वाढतो, पण त्याने गिरकी पूर्ण होणार नाही. हे मोबाईलवर मोजून बघता येतं. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ९६ फ्रेम आल्या तर ०.४ सेकंद, म्हणजे उंची साधारण २० सेंटिमीटर. १२० फ्रेम आल्या तर अर्धा सेकंद, उंची ३० च्या आसपास. म्हणजे बघा, उंची दीडपट झाली तरी वेळ किती वाढला, फक्त ०.१ सेकंद. आणि उंची दीडपट करायला पोरीला काय काय करावं लागेल, महिनोन्महिने बैठका, पायऱ्या, वजनं. तेच जर ती हात छातीशी आणायला ०.१ सेकंद उशीर करत असेल, आणि बहुतेक सगळ्या करतात, तर तो वेळ या आठवड्यातच परत मिळवता येतो. सिंगल, डबल आणि ट्रिपल अ‍ॅक्सेल मारणाऱ्यांच्या उड्या शास्त्रज्ञांनी व्हिडिओवरून मोजल्यात, उंचीत फारसा फरक निघत नाही, फरक निघतो तो फिरण्याच्या वेगात. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्याच लेक प्लॅसिडला स्पर्धेत पहिल्यांदा क्वाड अ‍ॅक्सेल उतरवला, साडेचार गिरक्या आणि त्याही एका सेकंदाच्या आत. आवळलेलं अंग काय करू शकतं ते तिथे बघावं, पोरींना मी ती क्लिप एक एक फ्रेम पुढे सरकवत दाखवते.

हात आवळले की वेग का वाढतो हे मुलांना तोंडी सांगून कळत नाही, फिरत्या ऑफिसच्या खुर्चीवर बसवायचं, दोन्ही हातांत पाण्याची भरलेली बाटली द्यायची, हात पसरून गरकन फिरवायचं आणि म्हणायचं आता घे छातीशी. किंचाळतातच. मग परत समजवावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यातलीच गोष्ट, एका मुलीचा डबल सॅलकॉव, म्हणजे दोन गिरक्यांचा, दर वेळी कमी पडायचा, अर्ध्या गिरकीने. ती म्हणायची, ‘ताई, मी हात लगेचच घेते हो.’ मी म्हटलं, ‘चल अगं, बघू.’ व्हिडिओ लावला. उजवा हात वेळेवर येत होता पण डावं कोपर तसंच बाहेर, अर्धी उडी संपेपर्यंत बाहेर, आणि मुठी छातीशी न येता गळ्याशी जात होत्या, त्यामुळे खांदे वर चढून सगळं अंग मागे कलायचं. तिने ते तीनदा बघितलं आणि गप्प झाली. मग आम्ही उडी सोडूनच दिली. नॅपकिनची घडी करून छातीवर दोन्ही मुठींनी दाबून धरायची, हात आधीपासूनच बंद, आणि दोन पायांवरून नुसती अर्धी गिरकी. मग एक. नॅपकिन हलला नाही पाहिजे. ते जमल्यावर उजव्या पायावर उतरून, आणि सगळ्यात शेवटी हात उघडे ठेवून सुरुवात. कंटाळवाणं आहे, मान्य, पण तिची उडी यानेच बसली, पायाची ताकद तेवढीच होती.

एक मात्र लक्षात ठेवा, जमिनीवर फसवायला फार सोपं आहे. पाय उचलायच्या आधीच चवडा फरशीवर फिरवून घेतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं वा काय पूर्ण झाली. म्हणून फरशीवर रंगीत टेपने फुली मारा आणि मोबाईल बुटाच्या उंचीवर ठेवा. एक गिरकी म्हणजे जिकडे तोंड करून उडलात तिकडेच तोंड करून उतरलं पाहिजे, अ‍ॅक्सेलला बरोबर उलट. बर्फावरच्या स्पर्धेत गिरकी पाव भागापेक्षा जास्त कमी पडली की उडीची किंमत कापतात आणि अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर डबल ही सिंगल म्हणून धरतात, तेव्हा ही सवय आत्ताच लावलेली बरी. शिवाय पायात स्केट्स आल्या की वजन वाढतं, घोटा बुटात अडकतो, उंची कमी होते, त्यामुळे जमिनीवर जेमतेम पूर्ण होणारी उडी चाकांवर कमीच पडणार. जमिनीवर पाव गिरकी जादा झाली पाहिजे असा माझा हट्ट असतो.

जमिनीवर जे होत नाही तेही सांगते. एज, म्हणजे पात्याच्या किंवा चाकांच्या आतल्या नाहीतर बाहेरच्या कडेवर कलून वळण घेणं, शिकता येत नाही, घसरतानाचा वेग शिकता येत नाही. लुट्झ तर मागे जाताना बाहेरच्या एजवर वळण घेत, त्या वळणाच्या उलट दिशेने उडायची उडी, ती हॉलच्या फरशीवर कशी शिकवणार, फरशीवर वळणच नाही. जमिनीवर लुट्झ म्हणून जे करून घेतात तो फ्लिपच असतो, म्हणजे आतल्या एजवरून मारायची उडी, आणि मुलांना एज बदलायची वाईट सवय लागते. ते मी अजिबात करून घेत नाही. एका पायावर उभं राहून गरगर फिरायचे प्लॅस्टिकचे स्पिनर मिळतात ते तोल समजण्यापुरते ठीक. त्यापेक्षा दोरीवरच्या उड्या, एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढायची, हे मला कुठल्याही महागड्या सामानापेक्षा आवडतं, घोटे पटपट उचलायला शिकतात आणि अंग सरळ राहतं.

‘साताऱ्यात राहून हे करून काय होणार’ असं विचारणारे भेटतात. मी त्यांना अदिती स्वामीचं नाव सांगते, आपल्या साताऱ्याचीच, २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, वय १७.

आता फरशीबद्दल, हे घरी करणाऱ्यांनी नीट वाचा. टेरेसवर, पार्किंगच्या काँक्रीटवर, शहाबादी फरशीवर उड्या नकोत, लाकडी फ्लोअर किंवा खाली मॅट हवी, पण मॅट पाय रुतेल इतकी मऊ पण नको, त्याने गुडघा पिळतो. बूट चांगल्या गादीचे, अनवाणी नाही. उतरल्यावर उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय मागे लांब, हात बाजूला उघडे, आणि मनात तीन म्हणेपर्यंत तसंच थांबायचं, डगमगलं तर ती उडी मोजायची नाही. रोज ढीगभर मारण्यापेक्षा नीट उतरलेल्या थोड्या बास. आणि नडगीच्या आतल्या कडेला दाबल्यावर दुखायला लागलं तर त्या दिवशीच उड्या बंद, नुसतं स्ट्रेचिंग, तोल आणि हातांचं काम चालू ठेवायचं, आणि आराम करूनही दुखत राहिलं तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं. स्पर्धा जवळ आली म्हणून पट्टी बांधून उड्या मारायला लावणारे पालक बघितलेत मी, माझ्याकडे ते चालत नाही.