रथसप्तमीच्या आत

रविवार, १४ फेब्रुवारी २०२१, ऑस्टिन, टेक्सस

आज रेवाचं बोरन्हाण व्हायचं होतं. सासूबाईंनी हलव्याचे दागिने कधीचेच कुरिअरने पाठवलेत, काळं झबलं इस्त्री करून ठेवलंय. बोलावणं दोनच घरांना, तेही मागच्या अंगणात, मास्क लावून. पण गुरुवारी पावसाचं जागच्या जागी बर्फ व्हायला लागलं आणि फोर्टवर्थला हायवेवर १३०हून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या. सहा माणसं गेली. तेव्हापासून निखिलने गाडीच्या किल्लीला हात लावलेला नाही. दोन्ही घरी फोन करून कार्यक्रम पुढे ढकलला. रथसप्तमी शुक्रवारी आहे, तोवर चालतं.

रात्री बर्फ पडणार म्हणतात. निखिलने बाहेरच्या नळाला जुना टॉवेल गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. आतले नळ ठिबकत ठेवायला सांगितलंय, म्हणजे पाइपातलं पाणी गोठत नाही. मी परभणीची. नळ ठिबकला तर झोप लागत नाही मला. आता घरातले सगळे नळ मुद्दाम ठिबकवून झोपायचं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

मध्यरात्री रेवा दुधाला उठली तेव्हा वीज गेलेली होती. मला वाटलं येईल अर्ध्या तासात. सकाळी पडदा सारला तर सगळं पांढरं. सहा इंचांहून जास्त बर्फ, आणि तेही ऑस्टिनला, जिथे वर्षातून दोन आठवडे स्वेटर घातला की हिवाळा संपतो. समोरच्या घरातली पोरं बेकिंगच्या ट्रेवर बसून उतारावरून घसरत होती. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत छान दिसत होतं.

हीटर गॅसवरचा आहे, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर. त्यामुळे गॅस असून थंडीच. शेगडी मात्र काडीने पेटते. नशीब थोर म्हणायचं, कारण रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटमध्ये सगळंच विजेवर आहे.

दिवसभर मेसेज येतोय की आळीपाळीने वीज बंद करणार. आळीपाळी कुठाय? गेली ती गेली. आणि निखिलच्या मित्राने फोटो पाठवला, डाउनटाउनच्या रिकाम्या ऑफिसांच्या इमारती झगमगतायत. म्हणे तिथल्या लाइनवर हॉस्पिटलं वगैरे आहेत, म्हणून ती तोडता येत नाही. असेलही. पण रागच आला.

आमच्याकडे भारनियमन होतं तेव्हा त्याचं वेळापत्रक तरी असायचं. सकाळी सहाला जाणार, दहाला येणार, मग दुपारी परत जाणार. आई त्या हिशेबाने मिक्सर लावायची, मोटर चालू करायची, मी त्या हिशेबाने अभ्यास करायचे. शिव्या रोज घालायचो, पण किती वेळ काढायचा हे ठाऊक असायचं. इथे तेच ठाऊक नाही. आणि सात महिन्यांच्या बाळाला ‘जरा कळ काढ’ म्हणता येत नाही.

माघी गणेशजयंती होती आज. तिळाचे लाडू केलेले होते ते ठेवले नैवेद्याला. निरांजन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तेवत ठेवलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

बेबी मॉनिटर बॅटरीवर चालतोय. त्यावर खोलीचं तापमान दिसतं. सेल्सिअसमध्ये बघितलं, ११. बाहेर पहाटे उणे १३-१४ होतं.

आम्ही तिघं मधल्या खोलीत आलोय, बाहेरच्या भिंती कमी आहेत म्हणून. दारांखाली चादरी खुपसल्या. रेवाला तीन थर कपडे, वर झोपायची पिशवी. पांघरूण तोंडावर जायला नको म्हणून मोकळी रजई डॉक्टरांनी आधीपासूनच बंद केलेली. हात-नाक गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेमागे हात घालून बघायचं. रात्रभर तेच करत होते. मान गरम, मान गरम, मान गरम.

हिला मात्र मजा. पहाटे जागी झाली आणि बॅटरीच्या उजेडात स्वतःच्या तोंडातून निघणारी वाफ तिला दिसली. आधी डोळे मोठे केले. मग ‘ह्हा’ केलं. वाफ. पुन्हा ‘ह्हा’. मग दोन्ही हातांनी ती पकडायला गेली, हातात काही येईना म्हणून चिडली, आणि चिडून ओरडली तर आणखी मोठी वाफ. निखिल आणि मी इतके हसलो की तीही हसायला लागली. थंडीत एवढं हसायचं त्राण होतं हेच नवल.

दुधाची गोष्ट लिहून ठेवते. फ्रीझरमध्ये माझ्या काढून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, कामावर परत जायचं म्हणून जमवलेल्या. काल संध्याकाळी त्या कडेने सैल लागायला लागल्या. आत बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवलेलं चालतं, हे मला माहीत होतं. पण गोठवायचं कुठे? निखिल काही न बोलता पिकनिकचा कूलर घेऊन मागच्या अंगणात गेला, खराट्याने बर्फ सारून खड्डा केला, पिशव्या भरून कूलर पुरला आणि वर खुणेला झारा खोचला. घर फ्रीझ झालंय आणि फ्रीझर अंगणात. दूध काढायचा पंप हाताचा वापरतेय, मनगट दुखतं.

आईचा फोन. इकडे रात्रीचे तीन तिकडे दुपारचे अडीच, त्यामुळे आमच्या जागरणाला तिची सोबत असते. “अगं, शेगडी पेटव ना. कोळसे आण, ओव्याची धुरी दे बाळाला. तुझ्या वेळी मी काय केलं?” तिचं खोटं नाही. पण परभणीच्या घराला कौलं होती, खिडकीची फट कधी बंद झाली नाही. इथलं घर डब्यासारखं बंद. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. ह्यूस्टनला बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेत होते काही लोक. एक बाई आणि एक मुलगी गेल्या. आईला हे सांगितलं तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, “गॅस पेटवशील तेव्हापण खिडकी किलकिली ठेव गं.” ठेवतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरीही तपासली. फोन गाडीत चार्ज करतोय, पण गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी करून.

बुधवार, १७ फेब्रुवारी

पलीकडच्या अपार्टमेंटमधलं तेलुगू जोडपं सकाळी चालत आलं. बर्फावर आता गोठलेल्या पावसाचा थर आहे, पाय टाकला की करकरतं. दोघं मास्क लावून दारातच उभी. “थोडं पाणी गरम करून मिळेल का?” करोनाचं वर्ष, घरात तान्हं मूल, लस अजून आमच्या वयाला उघडलेली नाही. निखिलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, या. स्वयंपाकघर त्यांना, आम्ही मधल्या खोलीत, मधे दार लावलेलं. तिने इडलीचं पीठ आणलेलं. या गारठ्यात ते कसलं फुगतंय. तसंच तव्यावर घातलं आणि जाड धिरडी झाली. आम्हाला चार ठेवून गेली. इतक्या दिवसांत दुसऱ्याच्या हातचं गरम खाल्लं नव्हतं.

रेवाला नाचणीचं सत्त्व. सासूबाईंच्या हातचं, निवडून, भिजवून, मोड आणून, दळून पाठवलेलं. दूध-पाणी घालून पाच मिनिटांत होतं, गॅस कमी लागतो. या आठवड्यात त्यांना मनातल्या मनात किती नमस्कार केले असतील.

संध्याकाळी नळाची धार करंगळीएवढी झाली. कालपर्यंत नळ ठिबकत ठेवा म्हणत होते, आता म्हणतात ठिबकवू नका, टाक्यांतलं पाणी संपतंय. रात्री आणखी निरोप: जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली होती, सगळ्या शहराने पाणी उकळून प्या. घंगाळाएवढं पातेलं गॅसवर चढवलं. बाटल्या उकळलेल्या पाण्याने धुवायच्या, सत्त्व त्याच पाण्यात. शौचालयासाठी निखिल बादल्यांनी बर्फ आणून वितळवतोय. बादलीभर बर्फाचं पाणी किती होतं? तांब्या-दीड तांब्या. कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

व्हॉट्सॲपवर आलं की जवळच्या लिअँडरमधल्या एच-ई-बी या सुपरमार्केटमध्ये काल गर्दी असतानाच वीज गेली आणि त्यांनी लोकांना सामानाने भरलेल्या ट्रॉल्यांसकट, पैसे न घेता जाऊ दिलं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

वीज आली!! सगळ्यात आधी फ्रीजने घरघर केली. रेवा दचकून रडली.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी, रथसप्तमी

करायचंच ठरवलं. पाहुणे कुणी नाही, बोरं तर इथे नसतातच. चुरमुरे होते, तीळ-गुळाच्या बारक्या वड्या होत्या, हलवा होता. लहान मुलांचं ओट्सचं सिरियल होतं, तेही घेतलं. ऊस नाही. सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, “असू दे, मिळेल ते घाल, पण झबलं काळंच घाल हो.” काळा रंग ऊब धरतो म्हणून संक्रांतीला काळं नेसायचं, हे शाळेपासून ऐकत आलेय. या वर्षी ते झबलं तीन थरांवर चौथा थर म्हणून चढलं.

अंघोळीचं पाणी अजून उकळूनच घ्यावं लागतंय, म्हणून नुसतं अंग पुसलं. खिडकीतून ऊन आलेलं, त्यात चादर घातली. मुकुट एक मिनिट टिकला. हाराचा हलवा तिने सरळ तोंडात घालायला घेतला, निखिलने बोटाने काढला, मग हार लांब ठेवला. तिकडे रात्रीचे साडेआठ, दोन्हीकडचे आजी-आजोबा एका स्क्रीनवर चार चौकोनांत. मी ओंजळीने चुरमुरे तिच्या डोक्यावरून ओतले. ती वर बघत राहिली. परत ओतले. तिला वाटलं पुन्हा बर्फ पडतंय की काय, कुणास ठाऊक. एक चुरमुरा उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि ‘ह्हा’ केलं. वाफ आली नाही. तोंड वाकडं केलं.

सासूबाई तिकडे औक्षणाचं तबक स्क्रीनला ओवाळत होत्या. माझ्या आईने विचारलं, पाणी उकळलं का आज.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

पाणी उकळायची सूचना उठली. रेवाला टबात मनसोक्त अंघोळ. वीज आल्यावर निखिलने कूलरमधल्या पिशव्या एकेक दाबून बघितल्या होत्या, बऱ्याचशा दगडासारख्या होत्या, त्या कधीच फ्रीझरमध्ये गेल्यात. दोन पूर्ण वितळल्या होत्या, त्या ओतून दिल्या. सिंकपाशी उभी राहून त्या ओतताना रडले मी. वीज गेली तेव्हा नव्हते रडले.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

आज वाचलं की वीज गेली त्या रात्री टेक्ससची ग्रीड, म्हणजे राज्यभर वीज पुरवणारं जाळं, पूर्ण कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. वीज बंद केली नसती तर सगळं राज्य अंधारात जाऊन परत उभं करायला आठवडे लागले असते. गॅसच्या विहिरी आणि पाइप गोठले, कोळशाची केंद्रं थांबली, पवनचक्क्या थांबल्या, अणुऊर्जा केंद्राचं एक युनिटसुद्धा बंद पडलं. बाहेरून वीज आणावी तर देशाच्या दोन मोठ्या ग्रीडशी टेक्ससची जोडणी नावापुरती. एल पासो शहर पश्चिमेच्या ग्रीडवर आहे, त्यांचं फारसं बिघडलं नाही. २०११लाही असंच गोठलं होतं, तेव्हा यंत्रं थंडीसाठी तयार करा असं सांगून झालेलं. सक्ती नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी केलं नाही.

निखिल म्हणतो, म्हणजे वीज तोडली तेच बरोबर केलं. मी म्हणते, तोडणं बरोबर असेल, पण आमच्याकडे तोडून दिवसेंदिवस तिथेच ठेवणं कुठल्या हिशेबात बसतं? भारनियमन करायचं तर धड करा. यावर आमचं अजून एकमत नाही. जनरेटर घ्यायचा की नाही यावरही नाही. प्लंबर म्हणाला पुढच्या आठवड्यात येतो, मागच्या भिंतीतला पाइप ओला लागतोय.