पोळ्याचा बैल आणि काळी माती

खान्देशात माती विकत आणावी लागत नाही, तिथेच घोळ होतो. पोळा जवळ आला की बैल घरीच करायचा बेत ठरतो, बांधावरून पाटीभर काळी माती येते आणि संध्याकाळपर्यंत शिंगं-वशिंडासकट देखणी जोडी पाटावर उभी राहते. दोन-तीन दिवसांत एकाची मान उतरते, दुसऱ्याचं पोट उलतं.

कपाशीला मानवणारी ही माती मूर्तीला मानवत नाही. तिचे कण फार बारीक. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकावा अशा भेगा पडतात, त्याच इथे लहान मापात. खात्री करायची तर ओल्या मातीची पट्टी थापून तिच्यावर 10 सेंटीमीटरवर दोन खुणा कराव्यात. पट्टी पूर्ण सुकल्यावर अंतर 9 च्याही खाली गेलं, तर नुसत्या त्या मातीचा बैल करूच नये.

माती टाकून द्यायचीही गरज नाही. वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळावी. तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू किंवा विटकरीची भुकटी घालावी. हे कण आक्रसत नाहीत, म्हणून एकूण ओढ कमी होते. किलोभर मातीला मूठभर कापूस, पण पिंजून, तंतू सुटे करून. गोळा तसाच घातला तर नेमक्या त्या जागी पोकळ फोड राहते. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळून ओल्या गोणपाटात दोन दिवस मुरू द्यावी. मुरवायचा कंटाळा हे निम्म्या मोडतोडीचं कारण असावं.

एवढं करूनही बैल फुटला, तर भेग कुठे आहे ते आधी पाहावं. पायावर उभी चीर गेली असेल तर आत काडी आहे. पाय बळकट व्हावेत म्हणून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची, काडी खुपसायची सवय असते; माती आक्रसते, काडी आक्रसत नाही, मग माती तिच्याभोवती उलते. कुंभाराच्या बैलाचे पाय आखूड नि जाड असतात, त्यामागे हाच हिशोब आहे. नाजूक पायांचा हट्ट सोडावा, काडी आपोआप सुटते.

मान उतरली तर दोष सांध्याचा. ओलं डोकं अर्धवट सुकलेल्या धडावर नुसतं दाबून बसत नाही. दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या खाचा पाडून, त्याच मातीचा दाट राबडा लावून, किंचित फिरवत बसवावं, आणि दोन्हींची ओल सारखी असावी. पोट उललं तर ते भरीव आहे: बाहेरचं कवच सुकून आवळतं, आतला गाभा ओलाच असतो. बैल थोडा घट्ट झाला की खालून चमच्याने कोरून भिंत बोटभर ठेवावी. आणि अंगभर जाळीसारख्या बारीक चिरा दिसल्या तर गुळगुळीत करण्याच्या नादात पाण्याचा हात जास्त फिरलाय, किंवा पंखा लावलाय. सावलीत, ओलसर फडक्याखाली, रोज बाजू बदलत सुकवायचं. पावसाळी हवेत आठवडा तरी लागतो; पोळ्याच्या आदल्या दिवशी माती आणणाऱ्याने बाजारातला बैल घ्यावा.

सुकलेल्या भेगेत ओली माती भरू नये, ती सुकून खपलीसारखी निघते. त्याच मातीची कोरडी भुकटी आणि कागदाचा लगदा डिंकाच्या पाण्यात कालवून भरावा. रंगाआधी बैल गालाला लावून बघावा. गार लागला तर आत ओल आहे, रंगाचे पोपडे निघतील.

अगदीच तुकडे झाले तर न भाजलेली माती पुन्हा भिजते. रंग खरवडून तुकडे कोरडे करून बादलीत टाकावेत; अर्धवट ओले तुकडे लवकर विरघळत नाहीत. कापूस, वाळू आधीच मिसळलेली असते, त्यामुळे दुसऱ्यांदा मळायला सोपं जातं. पिठोरी अमावास्येला भिजत घातलेली माती भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई (खान्देशात मुली बसवतात ती पार्वतीची मूर्ती) बसवायच्या आत मळून, घडवून, सुकवून होते. मात्र मूर्ती वीतभरच ठेवावी.