भुसावळात रजा, केरळात हक्क : ‘अवकाश’ची कुळकथा

भुसावळ, जळगावकडच्या केंद्र सरकारी कार्यालयांत मराठी माणसाच्या हातात रोज हिंदी कागद येतात. त्यातला ‘अवकाश’ हा शब्द हमखास घोटाळा करतो. लिपी एक, शब्द शुद्ध, त्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासक हूं की चूं करत नाही; अर्थ मात्र पार बदललेला असतो.

संस्कृतात ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा, वाव, संधी. व्याकरणशास्त्रातही हाच अर्थ चालतो. ज्या नियमाला लागू व्हायला दुसरीकडे कुठे वाव उरत नाही तो ‘निरवकाश’, आणि तो ‘सावकाश’ म्हणजे दुसरीकडेही वाव असलेल्या नियमावर मात करतो. पुढच्या सगळ्या अर्थांची मुळी या ‘वाव’मध्ये आहे.

हिंदीने कामातून मिळालेली मोकळीक धरली. म्हणून ‘आकस्मिक अवकाश’ म्हणजे आपली नैमित्तिक रजा, ‘मातृत्व अवकाश’ म्हणजे प्रसूती रजा, ‘ग्रीष्मावकाश’ म्हणजे उन्हाळी सुट्टी. ‘अवकाशप्राप्त’ दिसलं की सेवानिवृत्त लिहावं. बंगालीतही फुरसतीचाच अर्थ ठळक.

मराठीने उरलेला वेळ आणि वरची पोकळी, दोन्ही घेतलं. ‘कापूस वेचणीला अजून अवकाश आहे’ हे जसंच्या तसं हिंदीत नेलं, तर बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला वेचणीला सुट्टी आहे असं वाटेल. तिथे ‘अभी समय है’ म्हणावं. ‘तो येण्याचा अवकाश, की कामाला सुरुवात’ हा तर खास आपला प्रयोग; हिंदीत त्याला ‘बस, उसके आने की देर है’ हे बरोबर बसतं. आपल्या ‘अवकाशयाना’साठी हिंदीत ‘अंतरिक्ष यान’. नंदुरबारच्या बाजूला, नवापूरच्या पुढे गेलात तर जीव भांड्यात पडतो, कारण गुजरातीत ‘अवकाश’ म्हणजे पोकळी असतेच, आणि सुट्टीला ‘रजा’ म्हणतात. हा ‘रजा’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ संमती. साहेबाची संमती मिळाली की रजा, असं ते सरळ आहे.

दक्षिणेकडे शब्द आणखी वेगळ्या वाटेने गेला. कन्नड आणि तेलुगूत तो मुख्यतः संधी. तमिळमध्ये मुदत, सवड. मल्याळममध्ये तर चक्क हक्क! ‘मनुष्यावकाशम्’ म्हणजे मानवी हक्क, आणि माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याला तिथे ‘विवरावकाश नियमम्’ म्हणतात. एखादी गोष्ट करायला वाव असणं आणि ती करायचा हक्क असणं, यात अंतर फार नाही. मला तरी ही वाट अगदी पटते. पण केरळच्या कागदावर ‘अवकाशम्’ वाचून कुणी रजेचा अर्ज समजू नये.

अनुवाद करताना सोपी खूण अशी : शब्दाच्या जागी ‘वाव’, ‘सवड’, ‘रजा’, ‘हक्क’ एकेक ठेवून पाहावा. ज्याने पूर्ण वाक्य उभं राहतं, तोच लिहावा. मूळ शब्द तसाच ठेवायचा मोह टाळावा.

गंमत म्हणजे ‘स’ जोडला की ही भांडणं मिटतात. मराठी ‘सावकाश’ कन्नडमध्ये ‘सावकाश’च, मल्याळममध्ये ‘सावकाशम्’, तमिळमध्ये ‘सावगासमाग’; सगळीकडे अर्थ निवांत, घाई न करता. हिंदी बोलण्यात तो फारसा येत नाही, तिथे ‘आराम से’ किंवा ‘धीरे-धीरे’ म्हणावं लागतं.