आज रात्री पाणी येणार नाही

"ताई, माझं नाव घेऊ नका. आवाज पण रेडिओवर सोडू नका. फक्त लोकांना सांगा, आज रात्री पाणी येत नाही."

एप्रिल २०१६. दुपारचे चार वाजून पंचवीस मिनिटं. मी आमच्या एफएम केंद्रावर फोन घेत होते. चार ते सहा गप्पांचा कार्यक्रम चालायचा. काचेपलीकडे आमचा आरजे, म्हणजे कार्यक्रम सादर करणारा, माइकवर; अलीकडे मी. आलेला फोन आधी मी घ्यायचा, नाव आणि वसाहत कागदावर लिहायची, माणूस काय बोलणार आहे ते ऐकायचं आणि मगच लाइन आत सोडायची. त्या दिवशी चारही लाइनचे दिवे एकदाही विझले नव्हते. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, आमच्याकडं पाणी कधी येणार?

हा फोन मात्र विचारणाऱ्याचा नव्हता, सांगणाऱ्याचा होता. शहरात गल्लोगल्ली फिरून वॉल्व्ह उघडणाऱ्या लाइनमनचा. धरणाकडून येणारी मुख्य लाइन दोनच्या सुमारास फुटली होती. खड्डा खणून झाला होता, पण आतलं पाणी उपसल्याशिवाय वेल्डिंग सुरू होत नव्हतं. "उद्या रात्रीच्या आत काही होत न्हाई. अन् हिकडं लोकं ड्रम धुऊन वाट बघायलेत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाण्याची रात्र म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शहरांत राहिलेल्यांना सांगावं लागत नाही. आठव्या-नवव्या दिवशी एकेका भागाची पाण्याची पाळी येते, तीही बहुतेक वेळा रात्री. घरातली एक बाई जागी राहते. नळाला पाइप लावून ठेवायचा, तोटी उघडी ठेवायची आणि नळातून हवेचा फुसफुस आवाज आला की सगळ्यांना उठवायचं. त्या रात्री ज्या भागांची पाळी होती, तिथल्या बाया अशाच बसून राहणार होत्या. माझी आईही त्यांच्यातलीच एक.

तरीही मला ते सांगता येत नव्हतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११ च्या धोरणात थोडी मोकळीक मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती बातमीत धरली जात नाही. मात्र वीज-पाण्यासारख्या गोष्टींची माहिती स्थानिक प्रशासनाने दिलेली असावी लागते. लाइनमन त्याच प्रशासनाचा माणूस, पण सांगण्याचा अधिकार त्याला नाही. आणि समजा त्याचं चुकलं, रात्री अकराला पाणी आलं, तर आमच्यावर विसंबून झोपलेल्यांची पाळी गेली. पुढची पाळी पुन्हा आठ-नऊ दिवसांनी.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तोवर आरजे आत गाण्यावर गाणं लावून वेळ काढत होता आणि काचेतून माझ्याकडे बघत होता.

इथे थोडं आमच्या केंद्राबद्दल सांगते. देशातलं पहिलं खासगी एफएम २००१ मध्ये बंगळुरूला सुरू झालं. आमच्याएवढ्या शहरांपर्यंत ते आलं २००५ नंतर, परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात. आमचं केंद्र सुरू झालं तेव्हा सगळी भिस्त गाण्यांवर होती. जाहिराती मिळायच्या साड्यांच्या दुकानांच्या, सराफांच्या, अकरावी-बारावीच्या क्लासेसच्या, पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या. दर दहा सेकंदांचा. पण गाणी सगळीकडे तीच, मोबाइलमध्येही तीच. मग दुपारचे दोन तास बोलायला ठेवून बघू, असं ठरलं. आमच्या सेल्सच्या दादांना ते मुळीच पटलं नव्हतं. बोलणं ऐकायला जाहिरातदार पैसे का देईल, असं ते म्हणत. मला मात्र पटलं होतं, कारण आमच्या गावाकडच्या घरी रेडिओ म्हणजे परभणी आकाशवाणी. १९६८ पासूनचं केंद्र ते. आजोबा शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि श्रोत्यांची पत्रं वाचून दाखवली जात तेव्हा आवाज मोठा करत. आपल्या तालुक्यातलं एखादं नाव आलं की ते दिवसभर सांगत फिरत. आपल्या बाजूचा माणूस रेडिओत बोलतो, याची किंमत मी घरातच पाहिली होती.

तर कार्यालयाचा फोन कुणी उचलेना. योगायोगाने सेल्सचे दादा लाइन फुटली होती त्याच रस्त्याने वसुली करून मोटरसायकलवर परत येत होते. त्यांना म्हटलं, थांबून बघा. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "खड्ड्यात छातीएवढं पाणी आहे. दोन पंप लावलेत. वेल्डर बाजूला बसून आहे." लाइनमन खरं बोलत होता. पण दादाही प्रशासन नव्हते.

पाचला दहा कमी असताना मी फोनचा नाद सोडला आणि तिथल्या अभियंत्यांना मेसेज टाकला. "सर, आज रात्री पाळीच्या भागात पाणी येणार आहे का? फक्त हो किंवा नाही लिहा. रेडिओवर तुमच्या नावाने सांगायचं आहे."

कागदावर तोवर एकवीस नावं झाली होती. त्यातली एक बाई मला विसरता येत नाही. घरात लग्न, दुसऱ्या दिवशी हळद, पाहुणे उतरलेले. ती रागावलेली नव्हती. "बाई, नुसतं सांगा येणार का न्हाई. न्हाई म्हणलात तरी चालंल. म्हंजी मला काहीतरी करता येईल." मी तिला थांबायला सांगितलं. थांबा, एवढंच मला म्हणता आलं.

पाच वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. "नाही. उद्या रात्री. फोन करा."

मी टॉकबॅकचं बटण दाबून आरजेला म्हटलं, गाणं काढ. त्याने चालू गाण्याचा आवाज खाली ओढला. गाणं मध्येच तोडायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. तो त्या दिवशी मोडला. अभियंता साहेब दोन मिनिटं बोलले. कुठली लाइन फुटली, किती वेळ लागेल, कुठल्या भागांची पाळी एक दिवस पुढे गेली, सगळं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाले, "आज रात्री कुणी जागू नका." एवढ्या साध्या वाक्याने माझ्या पोटातला गोळा उतरला.

पुढचा ब्रेक होता पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानाचा. पैसे भरलेला स्पॉट. मी तो काढायला लावला. नळ कोरडा आहे हे नुकतंच कळलेल्या माणसाला टाकी घ्या म्हणणं मला सहन झालं नसतं. दुसऱ्या दिवशी दादा त्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, बरं केलंत, पुढच्या आठवड्यात वाजवा.

मग त्या लग्नघराची अडचण हवेत गेल्यावर जे फोन आले ते विचारणाऱ्यांचे नव्हते. कुणी म्हणालं, आमच्या बोअरला पाणी आहे, लग्नघरी पाठवून द्या. कुणाकडे स्वतःचा टँकर होता. लगेच पत्ते सांगू लागले, आणि इथे मी आडवी आले. तो दुष्काळ एवढा होता की त्याच महिन्याच्या १२ तारखेला लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी लातुरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं पेटू नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. टँकर अमुक चौकात उभा आहे असं माइकवरून सांगितलं असतं, तर शंभर घागरी तिथे पोहोचल्या असत्या. म्हणून एकही पत्ता हवेत जाऊ दिला नाही. देणाऱ्याचा नंबर मी घ्यायचा, विचारून गरजवंताला द्यायचा, आणि आरजेने एवढंच म्हणायचं की लग्नघरी पाण्याची सोय झाली आहे. सहाला संपणारा कार्यक्रम सव्वासातला संपला. मधली ठरलेली गाणी वाजलीच नाहीत. घसा बसला तरी आरजे उठायला तयार नव्हता.

रात्री घरी गेले. आईने नळाची तोटी बंद केली होती आणि ती झोपली होती.

महिन्याभरात दुपारच्या दोन तासांचे चार झाले, वर्षभरात सकाळचेही तीन. ज्या दादांना बोलण्याला जाहिरात मिळेल असं वाटत नव्हतं, त्यांनीच त्या तासांचे दर वाढवून घेतले. कार्यालयाकडून रोज साडेतीनला पाळीचं वेळापत्रक मेसेजवर येऊ लागलं, सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून. आम्ही ते शब्दशः वाचायचो.

आणि वेळापत्रक चुकणार असलं की त्याच्या आधीच एक फोन यायचा. "ताई, साहेबाला विचारून घ्या." एवढंच बोलून तो ठेवून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये तो नंबर अजूनही 'वॉल्व्ह' म्हणूनच आहे.